कौन्सिलचं असेसमेंट पटलं नाही, तर वाद घालायला किती खर्च येतो?

इंग्लंडमध्ये कौन्सिलची सोशल वर्कर घरी येते, तासभर आईशी बोलते आणि काही आठवड्यांनी पत्र येतं: तुमच्या आईच्या गरजा कायद्याच्या निकषांत बसत नाहीत. किंवा बसतात, पण दिवसातून दोनदा येणारी केअरर यापुढे एकदाच येईल. घरात मग दोन सूर लागतात. एक म्हणतो, सरकारी निर्णय आहे, काय करणार? दुसरा म्हणतो, सॉलिसिटरला फोन लावा. पहिल्यात घरची माणसं झिजतात, दुसऱ्यात खिसा. मधला रस्ता फुकट आहे आणि आधी तोच धरायचा असतो.

अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण मात्र नाही. मुलाच्या विशेष शिक्षणाबद्दल कौन्सिलशी मतभेद झाले तर पालकांना ट्रायब्युनल आहे. म्हाताऱ्या आईच्या केअरसाठी नाही. २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये कलम ७२ घालून सरकारनं अशा अपिलांची सोय करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, पण ती सोय अजून केलेली नाही. त्यामुळे उरतात तीन दारं: कौन्सिलकडेच तक्रार, मग ओम्बड्समन, आणि शेवटी हायकोर्ट. पहिली दोन शून्य पाउंडांची. (हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत. स्कॉटलंडमध्ये तर घरी मिळणाऱ्या पर्सनल केअरचे पैसेच घेत नाहीत.)

पणाला काय लागलेलं असतं, हे आधी मोजून घ्या. खासगी एजन्सीची केअरर ताशी ३० पाउंड धरली आणि कौन्सिलनं रोजचा फक्त अर्धा तास कापला, तर आठवड्याला १०५ पाउंड होतात. वर्षाचे ५,४६०. तो अर्धा तास कुणीतरी भरून काढतंच. बहुतेक मराठी घरांत तो सून, मुलगी किंवा स्वतःच पंच्याहत्तरीला आलेला नवरा भरून काढतो, म्हणून तो हिशेबात दिसत नाही.

आधी कागद

असेसमेंट हा हक्क आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. बँकेत किती आहे, स्वतःचं घर आहे का, हे विचारून कौन्सिलला असेसमेंट नाकारता येत नाही. पैशांची चौकशी नंतरची. असेसमेंटची लेखी प्रत आणि निर्णयाची लेखी कारणं देणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. गरजा पात्र नाहीत असं ठरलं तरी मग काय करता येईल याचा लेखी सल्ला द्यावा लागतो. फोनवर 'तुम्ही बसत नाही' एवढंच सांगितलं असेल, तर एका ओळीचा ईमेल पाठवा: असेसमेंटची प्रत आणि पात्रतेच्या निर्णयाची कारणं लेखी पाठवावीत. सोशल वर्करनं केलेल्या नोंदी, आतले ईमेल, वरिष्ठांचे शेरे हवे असतील तर 'सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट' करा. तीही मोफत, आणि उत्तर साधारण एका महिन्यात यायला हवं. अधिकाऱ्यांनी आपापसात काय लिहिलं होतं हे वाचल्याशिवाय लांबलचक तक्रार लिहायला बसू नये, असं माझं मत आहे.

कागद हातात आला की त्यातला प्रत्येक रकाना कायद्याच्या दहा बाबींशी ताडून पाहा. पोटभर नीट खाणंपिणं, अंगाची स्वच्छता, संडास-लघवी, हवामानाला आणि प्रसंगाला साजेसे कपडे घालणं, घरात सुरक्षित वावरणं, घर राहण्याजोगं ठेवणं, नातेवाईक-मित्रांशी संबंध टिकवणं, काम, शिक्षण किंवा स्वयंसेवा, बस, दुकान, मंदिर, वाचनालय अशा परिसरातल्या सोयी वापरणं, आणि मूल असेल तर त्याचा सांभाळ. यातल्या किमान दोन बाबी आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर लक्षणीय परिणाम होत असेल, तर गरज पात्र ठरते.

खरी ग्यानबाची मेख 'जमत नाही' या शब्दांत आहे. मदतीशिवाय करताच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ नाही. करता येतं पण खूप वेदना होतात, मनाला त्रास होतो, जिवाला धोका आहे किंवा इतरांपेक्षा फारच जास्त वेळ लागतो, तर तेही कायद्याच्या दृष्टीनं 'जमत नाही'. सांधेदुखी असलेली आजी साडी नेसते, पण त्याला तिला पाऊण तास लागतो आणि मधे दोनदा बसावं लागतं. फॉर्मवर 'स्वतः कपडे घालते' अशी नोंद झाली असेल, तर ती अपुरी आहे आणि तुमचा वाद तिथून सुरू होतो. तब्येत वरखाली होत असेल तर एका चांगल्या सकाळी दिसलेलं चित्र पुरत नाही. काही काळाचा चढउतार बघावा लागतो. म्हणून दोन आठवडे साधी वही ठेवा: तारीख, वेळ, काय करायला गेली, किती वेळ लागला, कुणी हात दिला. याला वहीच्या किमतीपलीकडे खर्च नाही, आणि तक्रारीला जोडायला इतका भक्कम पुरावा दुसरा मिळणार नाही.

आपलेच लोक आपलं नुकसान कुठे करतात

पहिलं म्हणजे मानीपणा. पाहुणी सोशल वर्कर समोर बसली की आई सांगते, मी माझं सगळं करते, कुणाला त्रास देत नाही. फॉर्ममध्ये तेच उतरतं. त्यात मुलगा दुभाषी म्हणून शेजारी बसलेला असला, तर लघवीला उठताना काय होतं हे ती मरेपर्यंत सांगणार नाही. मराठी दुभाषी मागा. तो पुरवणं कौन्सिलचं काम आहे, तुमच्याकडून त्याचे पैसे घेतले जात नाहीत. स्मृतिभ्रंशासारख्या कारणानं आईला प्रक्रिया समजायला फारच अवघड जात असेल आणि तिच्या बाजूनं उभं राहील असं योग्य माणूस जवळ नसेल, तर कौन्सिलला स्वतंत्र ॲडव्होकेट द्यावाच लागतो. हा वकील नव्हे. तिची बाजू मांडणारा माणूस. तोही मोफत.

दुसरं नुकसान 'आम्ही बघतो ना' या वाक्यानं होतं. घरचे काय काय करतात हे बाजूला ठेवूनच पात्रता ठरवायची, असं सरकारी मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. सून आंघोळ घालते म्हणून आंघोळीची गरज नाहीशी होत नाही; ती गरज म्हणून नोंदवायची, आणि ती भागवायला सून राजी आहे का, तिला ते झेपतं का, हे नंतर विचारायचं. सुनेनं 'नाही' म्हटलं किंवा 'सकाळी जमेल, रात्री नाही' म्हटलं, तर कौन्सिलला तिच्यावर विसंबता येत नाही. हे वाक्य सासूसमोर म्हणायला जड जातं, हे खरं. म्हणूनच सांभाळणाऱ्या व्यक्तीला स्वतःचं वेगळं असेसमेंट मागण्याचा हक्क दिला आहे. ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत करायला सांगा.

पहिलं दार: कौन्सिलकडे तक्रार

खर्च शून्य. आधी सोशल वर्करच्या टीम मॅनेजरला पत्र लिहून फेरविचार मागा. कधी कधी तेवढ्यानं काम होतं. नाही झालं तर 'ही औपचारिक तक्रार आहे' असे शब्द वापरून लिहा. निर्णय कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत तक्रार करायची असते. ती मिळाल्याची पोच कौन्सिलनं कामाच्या ३ दिवसांत द्यायची, आणि सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर उशीर का झाला ते लेखी सांगायचं.

पत्रात संतापाला जागा कमी द्या. एका बाजूला फॉर्ममधलं वाक्य जसंच्या तसं, समोर वहीतली नोंद, आणि खाली एक प्रश्न: हा निष्कर्ष कशावरून काढला? चालू मदत कमी केली असेल तर विचारा, मागच्या असेसमेंटनंतर आईच्या प्रकृतीत कोणती सुधारणा झाली? बरेचदा झालेली नसते. वाद मिटेपर्यंत आधीची मदत चालू ठेवावी, ही विनंती वेगळ्या ओळीत करा. तसा आपोआप हक्क नाही, पण न मागता कुणी देणारही नाही. कौन्सिलनं लावलेली फी मात्र या काळात थांबवू नका. थकबाकीचा दुसरा वाद मागे लागेल.

पैसे इथे फक्त पुराव्यावर खर्च होऊ शकतात. जीपी असं पत्र देण्याचे पैसे मागू शकतो, म्हणून आधी दर विचारा. हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी आणि औषधांची यादी फुकट मिळते आणि पुष्कळदा तेवढं पुरतं. स्वतंत्र सोशल वर्कर किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा खासगी अहवाल काही शे पाउंडांचा असतो. तो पहिल्याच दिवशी मागवणं मला उधळपट्टी वाटते. कौन्सिलचं लेखी उत्तर आल्यावर एखादा तांत्रिक मुद्दा अडलाच, तर मागवा.

दुसरं दार: ओम्बड्समन

कौन्सिलच्या उत्तरानं समाधान झालं नाही, की लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जाता येतं. खर्च शून्य, वकील लागत नाही, मुदत साधारण १२ महिने. फोन ०३०० ०६१ ०६१४.

इथे अपेक्षा नेमकी ठेवली पाहिजे. 'सोशल वर्करचं मत चुकलं, आईला चौदा तास द्या' असं ओम्बड्समन म्हणत नाही. मत ज्या रीतीनं बनवलं ती रीत चुकली का, एवढंच तो बघतो. दहापैकी तीन बाबी विचारातच घेतल्या नाहीत, कारणं दिली नाहीत, सुनेला गृहीत धरलं, दुभाषी नाकारला, सात महिने फाईल पडून राहिली, अशा गोष्टी त्याच्या कक्षेत येतात. दोष सापडला तर तो नवं असेसमेंट, चुकीनं घेतलेल्या पैशांचा परतावा, माफी आणि मनस्तापाबद्दल माफक रक्कम सुचवतो. या रकमेवर डोळा ठेवून कुणी तक्रार करू नये. खरी कमाई नव्या असेसमेंटमध्ये आहे. ओम्बड्समनचे निकाल नावं गाळून त्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. तुमच्या कौन्सिलचं नाव घालून शोधा. तिथे याआधी नेमकी कोणती चूक पकडली गेली आहे हे दिसलं, की तक्रारीचा मसुदा निम्मा तयार होतो.

तिसरं दार: हायकोर्ट

ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणजे निर्णय कायदेशीर रीतीनं झाला का, याची हायकोर्टाकडून तपासणी. इथे घड्याळ निर्दय आहे: शक्य तितक्या लवकर, आणि कुठल्याही परिस्थितीत तीन महिन्यांच्या आत अर्ज. कौन्सिलकडे तक्रार चालू आहे म्हणून हे तीन महिने थांबत नाहीत. प्रकरण गंभीर असेल, म्हणजे आई एकटी राहते, पडते आणि मदत बंद झाली आहे, तर तक्रारीसोबतच पहिल्याच आठवड्यात कम्युनिटी केअरचं काम करणाऱ्या सॉलिसिटरशी बोला.

कोर्टाची फी ऐकून लोक फसतात. २०२४ च्या वाढीनंतर परवानगीच्या अर्जाला १६९ पाउंड आणि परवानगी मिळून खटला पुढे न्यायचा तर ८४७ पाउंड लागत होते; आजचा आकडा तपासून घ्या. हे जड नाही, आणि उत्पन्न कमी असेल तर सवलतही मिळते. जड असतो वकील: ताशी दोनशे-तीनशे पाउंड, वर २० टक्के व्हॅट. आणि हरलात तर कौन्सिलच्या वकिलाचा खर्चही तुमच्यावर येऊ शकतो. तो हजारांत मोजायचा.

म्हणून लीगल एडची चौकशी आधी. ती मुलाच्या पगारावर ठरत नाही. दावा आईच्या नावानं असतो, म्हणून उत्पन्न आणि बचत तिची, जोडीदार असेल तर त्याच्यासह, बघितली जाते. बचतीची मर्यादा ८,००० पाउंड. साठीवरच्या, कमी उत्पन्नाच्या व्यक्तीला त्यात बरीच सूट आहे, पण राहत्या घराची किंमत काही मर्यादेपलीकडे गेली की धरली जाते. सिव्हिल लीगल ॲडव्हाइसचा नंबर ०३४५ ३४५ ४३४५. लीगल एड मिळाली तर सॉलिसिटरनं धाडलेल्या पहिल्या औपचारिक पत्रावरच कौन्सिल फेरअसेसमेंटला तयार होण्याची शक्यता असते. त्या पत्राला उत्तर द्यायला कौन्सिलला सहसा १४ दिवस मिळतात.

कोर्टात जिंकणं सोपं नाही, हे दोन प्रकरणांवरून कळतं. ऑक्सफर्डशायर कौन्सिलनं ल्यूक डेव्ही या गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाचं आठवड्याचं बजेट १,६५१ पाउंडांवरून ९५० वर आणलं. नव्या कायद्याखालचा हा पहिला मोठा खटला, आणि २०१७ मध्ये अपील कोर्टातही डेव्ही हरला. दुसरं प्रकरण जुन्या कायद्यातलं, पण आजही वाचण्याजोगं आहे. स्कॉटिश बॅलेच्या माजी प्रमुख नर्तिका एलेन मॅक्डोनाल्ड यांना पक्षाघातानंतर रात्री कमोडपर्यंत नेणारी केअरर मिळत असे. केन्सिंग्टन अँड चेल्सी कौन्सिलनं तिच्याऐवजी पॅड वापरा असं सांगितलं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात त्या हरल्या. पाच न्यायाधीशांपैकी लेडी हेल यांनी एकट्यांनी विरोधी मत दिलं. निकाल कशावर फिरला? त्यांच्या कागदात आधी गरज लिहिली होती 'रात्री कमोड वापरायला मदत'. नंतरच्या आढाव्यांत ती 'रात्रीची लघवी सुरक्षितपणे हाताळणं' अशी वाचली गेली, आणि त्या गरजेला पॅड पुरतो. पुढे २०१४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं एवढं मान्य केलं, की रीतसर आढावा होण्याआधीच्या वर्षभराच्या काळात कौन्सिलचं वागणं कायद्याला धरून नव्हतं. भरपाई मिळाली १,००० युरो. एवढी लढाई एका ओळीच्या शब्दरचनेवरून झाली, म्हणून असेसमेंटचा मसुदा दाखवला जातो तेव्हाच 'गरज' या रकान्यातला शब्द न् शब्द वाचा.

गरज मान्य झाली, तरी पैशांचा वाद उरतोच

पात्र ठरल्यावर कौन्सिल पैशांची तपासणी करते. २३,२५० पाउंडांवर बचत असेल तर केअरचा पूर्ण खर्च स्वतःचा. १४,२५० च्या खाली असेल तर बचतीला हात लावत नाहीत, फक्त उत्पन्न बघतात. मधल्या पट्ट्यात दर २५० पाउंडांमागे आठवड्याला १ पाउंड उत्पन्न धरतात. १८,००० ची बचत असेल तर आठवड्याला १५ पाउंड. हे आकडे २०१० पासून जागचे हललेले नाहीत. आयुष्यभराच्या केअर-खर्चाला ८६,००० पाउंडांची मर्यादा घालायची योजना होती, तीही जुलै २०२४ मध्ये सरकारनं गुंडाळली.

केअर घरी मिळत असेल तर राहतं घर धरत नाहीत. जोडीदाराची बचत धरायची नाही. जॉइंट खात्यातला निम्माच हिस्सा आईचा. अपंगत्वामुळे होणारा जादा खर्च, म्हणजे जास्तीचं हीटिंग, रोजची धुणी, पथ्याचं जेवण, टॅक्सी, उत्पन्नातून वजा करून मागता येतो. पावत्या ठेवा. कौन्सिलच्या हिशेबात ही वजावट शून्य दिसली, तर तेवढ्यावरच तक्रार करा. इतक्या थोड्या कष्टात इतके पैसे वाचवणारी दुसरी जागा या सगळ्यात नाही.

आणि आता नाजूक गोष्ट. पुण्यातला फ्लॅट, रत्नागिरीच्या घरातला चौथा हिस्सा, भारतातल्या बँकेतल्या ठेवी हे सगळं भांडवल आहे आणि ते सांगावं लागतं. हिश्शाची किंमत मात्र पूर्ण घराच्या किमतीला चारानं भागून येत नाही. भावंडं राहत असलेल्या, वाटणी न झालेल्या घराचा चौथा हिस्सा बाहेरचा माणूस कितीला घेईल, हा प्रश्न आहे. ती रक्कम बरीच कमी निघू शकते, म्हणून स्थानिक व्हॅल्युएशन करून घ्या. फी टाळण्यासाठी फ्लॅट घाईनं मुलाच्या नावावर केला, तर तो अजून आईकडेच आहे असं धरून कौन्सिल आकारणी करू शकते.

वादाचा निकाल लागेपर्यंत जे आपोआप मोफत आहे ते सोडू नका. हॉस्पिटलमधून आल्यावर पुन्हा उभं राहण्यासाठी मिळणारी मदत, म्हणजे रीएबलमेंट, सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते. १,००० पाउंडांपर्यंतची साधनं आणि घरातले छोटे बदल, म्हणजे बाथरूममधला दांडा, कमोडची उंच बैठक, यांचेही पैसे नाहीत. पेन्शनच्या वयानंतर मिळणारा अटेंडन्स अलाउन्स बचत बघून ठरत नाही. २०२५-२६ चे दर आठवड्याला ७३.९० आणि ११०.४० पाउंड. आजारपणच मुख्य असेल तर एनएचएसच्या कंटिन्युइंग हेल्थकेअरची तपासणी मागा. ती मंजूर झाली तर सगळा खर्च एनएचएसचा. त्यासाठी टक्केवारी मागणाऱ्या कंपन्यांच्या कागदावर सही करू नका.

आई-वडील भारतातून व्हिसावर येऊन राहिले असतील, तर कौन्सिलचं केअर असेसमेंट इमिग्रेशनच्या 'पब्लिक फंड्स'च्या यादीत नाही, अटेंडन्स अलाउन्स आणि पेन्शन क्रेडिट मात्र आहेत. मुलानं प्रायोजक म्हणून सांभाळाची लेखी हमी दिलेली असेल, तर काहीही मागण्याआधी इमिग्रेशनच्या नोंदणीकृत सल्लागाराला विचारा. इथे चुकीच्या अर्जाची किंमत पैशांत नसते.

एज यूकेची मोफत सल्ला-लाइन ०८०० ६७८ १६०२ रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सात चालू असते. पत्र लिहिण्याआधी एकदा तिथे फोन करा, आणि कौन्सिलच्या निर्णयपत्रावरची तारीख समोर ठेवून बोला.